तळाशी उरलेलं

१

मधुसूदन आगटे मंगळवारी सकाळी साडेनऊला गेले. शेवटचा तासभर ते शुद्धीवर नव्हते, आणि त्यांच्या श्वासाला लसणाचा वास येत होता.

तो वास त्या घरची जुनी मैत्रीण कौमुदी खांबेटे हिच्या डोक्यातून जाईना. आगट्यांकडे चातुर्मासात लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. लखनौत तीस वर्षं काढूनही त्यांच्या बायकोने, लतिकाने, हा नेम मोडला नव्हता. आणि कौमुदीचं नाक साधंसुधं नव्हतं. सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तिने जप्त केलेली दारू आणि विषबाधेच्या केसमधल्या बरण्या हुंगल्या होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी नाक अजून नोकरीवरच होतं.

"मैडम, ये हार्ट का केस नहीं है," इस्पितळातला तरुण डॉक्टर हळूच म्हणाला. "पुलिस को बताना पड़ेगा."

"चूहे मारने की काली दवा," कौमुदी म्हणाली.

"आपको कैसे पता?"

"सूँघकर. उसमें लहसुन की बू आती है."

ती हे बोलली आणि पुढे पोलीस ठाण्यातल्या दरोगा तिवारीसमोरही बोलली. सोमवारी संध्याकाळी विकास नगरमधल्या आगट्यांच्या घरी एक फार जुनी वाइन उघडली, ती म्हाताऱ्या खानसाम्याने, वहीदमियाँनी, आणली आणि त्यांनीच स्वतःच्या हाताने ओतली, हेही तिने सरळ सांगून टाकलं. विचारलं तेवढं खरं सांगायचं ही तिची जुनी सवय. त्या सवयीने कुणाचा गळा आवळला जाईल हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी दोनला वहीदमियाँना ठाण्यात नेलं. वय अठ्ठ्याहत्तर, दम्याचा विकार, आणि कागदावर अटक उशिरा दाखवून शुक्रवारी कोर्टात उभं करणार. तिथून जेल.

आता कौमुदीला अन्न गोड लागेना. चौघांनी एकाच बाटलीतली वाइन चाखली होती. खुद्द मधुसूदनराव, त्यांचा जुना विद्यार्थी सत्यजित धारप, ती स्वतः, आणि रीत म्हणून सर्वांआधी एक घोट वहीदमियाँ. पैकी तिघांना काहीच झालं नव्हतं. तिला तर साधी ढेकरसुद्धा आली नव्हती.

मग विष होतं कुठे?

२

बाटली १९२९ सालची होती. फ्रान्समधली, गोड. बख्शी का तालाबच्या पलीकडे एका तालुकदाराची, सगळे त्यांना राजासाहेब म्हणत, कोठी होती. तिथल्या धान्याच्या कोठारांना कीड लागली तेव्हा मधुसूदनरावांनी ती वाचवून दिली होती. साठवलेलं धान्य का नासतं हाच त्यांचा संशोधनाचा विषय. राजासाहेबांनी तेव्हा शब्द दिला होता की तळघरातली शेवटची बाटली तुमची. राजासाहेब वारले, कोठी विकायला निघाली, पण त्यांचा म्हातारा खानसामा शब्द विसरला नाही. वीस दिवसांपूर्वी वहीदमियाँ बाटली मऊ कापडात गुंडाळून, रिक्षात मांडीवर आडवी धरून घेऊन आले.

सोमवारी पाच वाजता त्यांनी ती उघडली, तेव्हा कौमुदी स्वयंपाकघरात उभी राहून पाहत होती. बूच इतकं जुनं, की मियाँ श्वास रोखून ते काढत होते. मग त्यांनी चौक बाजारातून आणलेली मलमल काचेच्या सुरईच्या तोंडावर धरली आणि बाटली अगदी सावकाश कलती केली. खालचा गाळ हलला तसा त्यांनी हात थांबवला.

"ये देखिए, बीबी," त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत एका बाजूला, खांद्यापासून तळापर्यंत, तपकिरी थर काचेला घट्ट धरून बसला होता. "सड़सठ साल एक ही करवट सोई है. ये निशान उसी का है. ख़ाली हो जाए तो मुझे दे दीजिएगा, ऐसी की ऐसी. राजासाहब की आख़िरी निशानी है."

गाळासकट बाटली ओट्यावर राहिली, सुरई दिवाणखान्यात आली.

आठ वाजता ग्लास भरले. रंग कडक चहाचा, कडेला किंचित सोनेरी. कौमुदीने आयुष्यभर दारू तपासली होती, प्यायली कधीच नव्हती. तिने आधी वास घेतला. वाळलेलं जर्दाळू, संत्र्याची साल, जुना मध, आणि त्याच्या मागे कुठेतरी पावसाळ्यात उघडलेल्या कपाटासारखा ओलसर वास. मग घोट घेतला. गोडी जिभेवर जाड होऊन बसली, आणि ती आता चिकट होणार असं वाटत असतानाच खालून आंबटपणा आला आणि सगळं तोंड स्वच्छ करून गेला. घोट गिळून झाल्यावरही चव बराच वेळ उरली. तिला उगीचच वडलांची आठवण झाली आणि डोळे भरून आले.

"काय, कौमुदीबाई, बोलती बंद ना?" मधुसूदनराव खुशीत होते. "आणि ही कशाची, माहीत आहे? बुरशी धरलेल्या, सडत आलेल्या द्राक्षांची. दुसरा कुणी असता तर उकिरड्यावर फेकली असती. त्यांनी टाकली नाहीत, म्हणून हे अमृत झालं! मी जन्मभर हेच सांगत आलो."

"सर, हे तुमचं विसावं लेक्चर आहे या महिन्यात," सत्यजित हसून म्हणाला.

लतिका दारात उभी होती. तिने वाइन घेतली नव्हती. चातुर्मास पुढे केला होता.

"काकू, तीर्थ म्हणून घ्या की हातावर," सत्यजितने थट्टा केली.

"मला कामं आहेत रे," म्हणत ती आत गेली.

मधुसूदनराव ज्या गोष्टींवर तासन्‌तास बोलू शकत त्यात अन्न टाकणं पहिलं. लहानपणी पुण्यात ते माधुकरी मागून शिकले. पाच घरची भाजी एका झोळीत कालवून खाल्लेला मुलगा तो. म्हातारपणीही जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटाने कडा निपटून, ते पाणी पिऊन टाकत. त्यांच्या घरात भाताचं शीत वाया जात नसे. ओळखीच्या मराठी बायका याबद्दल लतिकाकडे बघून हळहळत.

त्या रात्री ग्लास रिकामे झाल्यावर ते उठून आत गेले, पाचेक मिनिटांत मिशा पुसत परत आले, आणि पुन्हा द्राक्षांवर घसरले. पहाटे तीनला त्यांना पहिली उलटी झाली.

३

बुधवारी ठाण्यातल्या कोठडीत वहीदमियाँ भिंतीला टेकून बसले होते. दोन शब्दांमध्ये त्यांची छाती सुंई सुंई वाजत होती.

"मुझे माफ़ कीजिए, मियाँ," कौमुदी म्हणाली. "मेरे बयान से आप यहाँ हैं."

"आपने झूठ तो नहीं कहा, बीबी. ओतली... डाली तो मैंने ही थी." मराठी घरांत येऊन जाऊन एखादा शब्द त्यांच्या तोंडी बसला होता.

"साहब अंदर गए तब क्या हुआ? एक-एक बात बताइए."

"मैंने बोतल माँगी. साहब बोले, रुको, इसमें अभी माल है. थोड़ा पानी डाला, हिलाया, और तलछट समेत पी गए. मैंने हाथ जोड़े, कि हुज़ूर, तलछट नहीं पीते, वो तो मोरी की चीज़ है. हँसने लगे. बोले, मेरे घर में मोरी को कुछ नहीं मिलता."

कौमुदीला विषाची जागा कळली. सुरईत नव्हे, ग्लासात नव्हे. बाटलीत. वाइन काढून घेतल्यावर, गाळात. काळं औषध काळसर गाळात दिसणार कसं? आणि तो गाळ पिणारा माणूस या शहरात एकच होता.

"फिर?"

"फिर मैं बैठक से गिलास समेटने गया. आप लोग बैठे थे. साहब भी आ गए. दस-बारह मिनट लगे होंगे, एक-एक गिलास पोंछा. लौटा तो बोतल धुली हुई, पटरे पर उलटी रखी थी. मैंने झोले में डाल ली." ते थांबले. "बहुत अच्छे से धो दी थी किसी ने. क्या कहता?"

दरोगा तिवारीच्या टेबलावर ती बाटली चिठ्ठी लावून ठेवलेली होती. कौमुदीने ती उजेडात धरली. काच आरपार स्वच्छ होती. सदुसष्ट वर्षांचा तपकिरी थर नावालाही नव्हता.

"दरोगाजी, ये पानी हिलाने से नहीं निकलता. इसे किसी ने रगड़ा है."

"तो बुड्ढे ने रगड़ा होगा. सबूत मिटाने को."

"याच थरासाठी तर त्याला बाटली हवी होती!" कौमुदी रागाने मराठीतच बोलून गेली. मग सावरून तिने ते हिंदीत सांगितलं.

तिवारीने खांदे उडवले. "मैडम, कोई दूसरा नाम दीजिए. नाम है आपके पास?"

४

नाव होतं. तेच घेऊन ती गुरुवारी सकाळी सत्यजितकडे गेली.

सत्यजित लखनौतच जन्मला, त्यामुळे त्याची मराठी घराबाहेर पडली की अडखळायची. सात वर्षं तो मधुसूदनरावांच्या हाताखाली राबला होता. त्याच्या निष्कर्षांवर सरांनी स्वतःच्या नावाने निबंध छापला आणि सत्यजितचा प्रबंध बाजूला पडला, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं.

"संध्याकाळी साडेसहाला तू स्वयंपाकघरात गेला होतास," कौमुदीने आडपडदा ठेवला नाही. "बाटली तेव्हा ओट्यावरच होती."

"पानी पीने गया था, मावशी." त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला असं वाटतं?"

"मला काय वाटतं ते राहू दे. त्यांचा राग होता तुला?"

"था. बहुत था. दोन वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. पण मागच्या महिन्यात ते स्वतः आले. हात धरून म्हणाले, सत्या, माझी चूक झाली, तुझं नाव घालून नवीन निबंध पाठवतोय." त्याने खणातून कागद काढला. मधुसूदनरावांची सही, पहिलं नाव सत्यजितचं. "आता त्यांना मारून मला काय मिळणार होतं? ते गेले, आता हा कागद कोण पुढे नेणार?"

कौमुदीने कागद परत दिला. खरं म्हणजे कागद पाहायची गरजच नव्हती. विष कुणीही टाकलं असतं, पण बाटली घासली ती त्या दहा-बारा मिनिटांत. बाटलीत काय होतं हे जाणणाऱ्यानेच ती घासली असणार. त्या वेळी मधुसूदनराव समोर बसून बोलत होते, वहीदमियाँ ग्लास पुसत होते, आणि सत्यजित तिच्या शेजारच्या खुर्चीत जांभई दाबत होता.

आणि त्या वेळी आतून एक आवाज येत होता. तिने तो ऐकला होता. खळखळ, खळखळ. लतिका उद्याचे तांदूळ धुतेय, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

पण तांदूळ पातेल्यात धुतले तर असे वाजत नाहीत. असे वाजतात ते अरुंद तोंडाच्या बाटलीत.

"मावशी, काय झालं?" सत्यजितने विचारलं. "पानी लाऊँ?"

पंचवीस वर्षं कौमुदी दर संक्रांतीला लतिकाच्या घरी तिळगूळ खात आली होती. तिच्या आजारपणात लतिकाने तिला भरवलं होतं. मैत्रीण म्हणावी अशी एकच, आणि ती ही. रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, रिक्षा उलटी वळवावी आणि आपल्या घरी जाऊन दार लावून घ्यावं. मग वहीदमियाँच्या छातीतला तो आवाज आठवला. तिने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

५

सुतकाचं घर. चूल बंद होती. शेजारणींनी आणलेलं पिठलं-भात झाकून ठेवलेलं होतं. पुण्याहून दीर संध्याकाळी पोचणार होते. लतिका जमिनीवर चटईवर बसली होती.

"पाणी घेते गं," म्हणून कौमुदी आत गेली आणि ओट्याखालच्या मोरीशी खाली बसली. गुडघे कुरकुरले. तिने जाळी उचलली.

जाळीखाली तांदूळ होते. कच्चे, पाण्याने फुगलेले, अर्धी मूठभर. प्रत्येक दाण्यावर तपकिरी डाग. तिने दोन दाणे नाकाशी नेले, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने नाकाने उत्तर दिलं. लसूण.

तेलाच्या बाटल्या मराठी बायका अशाच धुतात. थोडे तांदूळ, थोडं पाणी, आणि जोरात खळखळवायचं. दाणे आतून काच घासून काढतात. नंतर ते तांदूळ कुणी टाकतं, कुणी पाखरांना घालतं. लतिकाच्या घरात मात्र ते धुऊन, वाळवून, पुढच्या बाटलीसाठी डब्यात परत जात. कौमुदीने तो डबा कैकदा पाहिला होता. या मोरीला तीस वर्षांत पहिल्यांदाच तांदूळ मिळाले होते.

"सापडले का?" मागून लतिकाने विचारलं.

ती दारात उभी होती. आवाजात भीती नव्हती.

"का गं?" कौमुदीला एवढंच विचारता आलं.

"सोमवारी कोणता दिवस होता?"

"अठ्ठावीस ऑक्टोबर."

"तिथी सांग. कोजागरीनंतरचा दुसरा दिवस. माझा अभिराम गेला तो."

कौमुदी मोरीशीच बसून राहिली. अभिराम सहा वर्षांचा होता. तेव्हा तीही नुकतीच बदली होऊन लखनौत आली होती. पोटाच्या विकाराने गेला, एवढंच तिने ऐकलं होतं.

"कोजागरीचं मसाल्याचं दूध उरलं होतं," लतिका सांगू लागली. "दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, वास येतोय, टाकते. हे म्हणाले, फाटलं नाही, नुसतं आंबलंय. साखर घालून उकळलं, पेला भरून त्याच्या हातात दिला. स्वतःही प्यायले. त्यांना काही झालं नाही. माधुकरीवर पोसलेलं पोट ते. माझं लेकरू दीड दिवस तडफडलं. मी तिथेच होते, कौमुदी. मी पेला हिसकावून घेतला नाही. नवऱ्यापुढे बोलायची हिंमत नव्हती."

"सव्वीस वर्षं झाली."

"हो. आणि सव्वीस वर्षं मी ताटं निपटत राहिले. कधीतरी त्यांना कळेल, एकदा तरी म्हणतील की चुकलं, म्हणून वाट पाहिली. सत्यजितला म्हणाले. मला नाही म्हणाले. आणि मग ती बाटली आली. वीस दिवस सकाळ-संध्याकाळ एकच. सडलेलं टाकलं नाही, म्हणून अमृत झालं. पाहुणे बोलवायचा दिवससुद्धा त्यांनी तोच निवडला. मी म्हटलं, दुसरा दिवस बघा. म्हणाले, का, सोमवारी काय आहे?"

तिचा आवाज तिथे पहिल्यांदा फुटला.

"त्यांना आठवतच नव्हतं गं."

कौमुदीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला राग आला होता, कीव आली होती, आणि कुणाची किती ते तिला सांगता आलं नसतं. तरी ती उठली.

"वहीदमियाँ कोठडीत आहेत, लतिका. दोन दिवस."

"माहीत आहे. मला वाटलं होतं, जुनी दारू बाधली असं म्हणतील. त्यांना धरतील असं मनातही नव्हतं. दहावा होऊ दे, मग सांगते, असं मी..."

"ते दहा दिवस टिकणार नाहीत. मी त्यांची छाती ऐकून आलेय." कौमुदीने डोळे पुसले. "एक निरपराध म्हातारा, त्यानेच हात जोडून पिऊ नका म्हटलेल्या गाळासाठी मरेल. तुझ्या अभिरामसारखा. दुसऱ्याच्या हट्टापायी."

बाहेर भाजीवाला "पालक, मेथी" ओरडत गेला.

"तू नाव सांगणार होतीस का?" लतिकाने विचारलं.

"हो."

"मी नाही म्हटलं असतं तरी?"

"तरीही."

लतिकाने मान डोलावली. "बरं झालं. तुझ्यावर तेवढा विश्वास होताच." तिने खुंटीवरची शाल घेतली. "चल. दीर यायच्या आत जाऊ. दोन मिनिटं थांबशील?"

तिने फ्रीज उघडला. आत स्टीलच्या लहान लहान वाट्या ओळीने झाकून ठेवल्या होत्या. मधुसूदनरावांनी स्वतः ठेवलेल्या. घासभर भाजी, चमचाभर वरण, अर्धी पोळी. लतिकाने एकेक वाटी उचलली आणि मोरीत पालथी केली. जाळीखालचे तांदूळ पुरावा म्हणून कौमुदीने आधीच रुमालात बांधून घेतले होते. वाट्या लतिकाने विसळल्या नाहीत. तशाच खरकट्या एकात एक रचल्या.

शेवटच्या वाटीत दूध होतं. वर केशराची काडी, सायीला सुरकुत्या.

"शनिवारचं," लतिका म्हणाली. "कोजागरीचं. मी टाकत होते, त्यांनी हातातून घेतलं. मंगळवारी पिईन म्हणाले होते."

तिने वाटी मोरीवर धरली. पण ती पालथी करवेना. कौमुदीने पुढे होऊन तिच्या मनगटाखाली आपला हात धरला, आणि दोघींनी मिळून ती वाटी ओतली.